खडूच्या टेकड्यांवरची घोडेवाट : विंचेस्टर ते ईस्टबोर्न

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला जवळजवळ समांतर, हॅम्पशायरमधल्या विंचेस्टरपासून ससेक्समधल्या ईस्टबोर्नपर्यंत खडूच्या टेकड्यांची एक लांब धार गेली आहे. या टेकड्यांना साउथ डाउन्स म्हणतात आणि त्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या सुमारे १६० किलोमीटरच्या वाटेला साउथ डाउन्स वे. ससेक्समधला तिचा भाग १९७२ मध्ये अधिकृतपणे खुला झाला, पुढे ती विंचेस्टरपर्यंत वाढवण्यात आली आणि २०१० मध्ये हा सगळा टापू राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. इंग्लंडमध्ये लांब पल्ल्याच्या पायवाटा पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेक केवळ चालणाऱ्यांसाठी असतात. ही वाट मात्र जवळजवळ संपूर्ण ब्राइडलवे, म्हणजे घोडेवाट आहे.

घोडेवाटेवर सायकलला मुभा मिळाली ती १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टमुळे. त्या कायद्याने सायकलस्वाराला घोडेवाटेवरून जाण्याचा हक्क दिला आणि त्याच कलमात एक अट घातली, ती अशी की चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला त्याने आधी वाट द्यायची. वाटेवरच्या खांबांवर निळा बाण दिसला की घोडेवाट आणि पिवळा दिसला की फक्त पायवाट, एवढे लक्षात ठेवले की नकाशा सारखा उघडावा लागत नाही. सोबत ओकच्या फळाचे चिन्ह असते, ते राष्ट्रीय वाटेचे.

माझा धाकटा भाऊ निफाडला द्राक्षबाग सांभाळतो. हंगाम उरकून, खरड छाटणी आटोपून तो जूनमध्ये साउदॅम्प्टनला माझ्याकडे आला, तेव्हा ही वाट त्याच्यासोबत करायची हे मी आधीच ठरवून ठेवले होते. या भागात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वाहतो, त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेला गेले की तो पाठीशी राहतो. म्हणून आम्ही सुरुवात विंचेस्टरहून केली. दोघांच्याही सायकली पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ चौकट असलेल्या, टायर रुंद व ट्यूबलेस, सामान खोगिराच्या मागच्या आणि हँडलच्या पिशव्यांत. येथली एकही टेकडी तीनशे मीटरला पोचत नाही, तरी वाट सारखी खिंडीत उतरून पुन्हा माथ्यावर जात असल्याने एकूण चढाई ३,८०० मीटरच्या आसपास भरते. त्यामुळे सामान जितके कमी तितके बरे.

पहिला दिवस : विंचेस्टर ते ब्युरिटन

नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडचा १९०१ मध्ये उभारलेला पुतळा मागे टाकून आम्ही इचेन नदीकाठच्या जुन्या पाणचक्कीपाशी आलो. इचेनचे पाणी विलक्षण नितळ असते. पावसाचे पाणी खडूच्या थरांत मुरते, तेथे गाळले जाते आणि झऱ्यांवाटे वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाने बाहेर येते, म्हणून तळाचा प्रत्येक गोटा आणि प्रवाहात हलणारी हिरवी शेवाळे काठावरून स्पष्ट दिसतात. अशा खडूच्या नद्या जगात मोजक्याच असून त्यांतील बहुतांश इंग्लंडमध्ये आहेत.

मोटारवेवरचा पूल ओलांडला की शहर संपते. चिलकम हे टुमदार खेडे लागते आणि तेथून पहिली खरी चढण सुरू होते. वाटेचा रंग येथेच बदलतो. दोन्ही बाजूंना गव्हाची शेते आणि मध्ये पांढरीशुभ्र, चाकोऱ्या पडलेली वाट.

शेताच्या मधोमध जाणारी ही वाट पाहून भाऊ थांबला. शेतकऱ्याने ती नांगरली कशी नाही, हा त्याचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर इंग्लंडच्या कायद्यात आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. येथे जमीन खाजगी असते, पण तिच्यावरून जाण्याची वहिवाट सार्वजनिक असू शकते. १९४९ च्या कायद्यानुसार अशा वाटांची नोंद अधिकृत नकाशात करण्यात आली, आणि एकदा नोंद झाली की मालक बदलला तरी वाट बदलत नाही. शेताच्या मधून जाणारी घोडेवाट शेतकऱ्याला पेरणीसाठी नांगरता येते, परंतु १९९० च्या कायद्याप्रमाणे त्याला ती चौदा दिवसांच्या आत पुन्हा किमान दोन मीटर रुंदीची करून द्यावी लागते. बांधाच्या कडेने जाणारी घोडेवाट तर त्याला नांगरताच येत नाही.

भावाने हे सगळे लक्षपूर्वक ऐकले, कारण त्याच्या शिवारात हा जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्या गावनकाशांवरही शिवरस्ते आणि पाणंदी आखलेल्या असतात. प्रत्यक्षात दोन्हीकडून बांध कोरले जातात, बैलगाडीची वाट हळूहळू मोटारसायकलीपुरती उरते आणि मग तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली रस्ता केस उभी राहते. कायदा आपल्याकडेही आहेच. फरक मला जाणवतो तो वापराचा. येथे ज्या वाटेची शेतीला फारशी गरज उरलेली नाही, तिच्यावरून रोज कोणीतरी चालते, घोडा नेते, सायकल नेते, आणि अडथळा दिसला की काउंटीच्या कार्यालयात तक्रार नोंदवते.

मीऑन नदीच्या खोऱ्यात एक्स्टन गावी आम्ही दुपारची शिदोरी सोडली. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे आणले होते, आणि पुढची ओल्ड विंचेस्टर हिलची चढण पाहता गुळाचा फार उपयोग झाला. या टेकडीच्या माथ्यावर लोहयुगातल्या गढीचा मातीचा तट अजून स्पष्ट दिसतो, त्याच्या आत त्याहून जुने, ताम्रयुगानंतरच्या कांस्ययुगातले दफनाचे उंचवटे आहेत, आणि हवा स्वच्छ असली की दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेट दिसते.

दिवसाचा शेवट बट्सर हिलने झाला. २७० मीटरची ही टेकडी या धारेवर सर्वांत उंच आहे. तिच्या पूर्वेकडच्या सोंडेवरून वाट सरळ गवतातून खाली सुटते, रुंद आणि मोकळी. खाली ए-३ हमरस्त्याखालून पलीकडे गेले की क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्कमधल्या बीच नावाच्या वृक्षांच्या झाडीत शिरायचे. खास माउंटन बाईकसाठी आखलेले मार्गही या जंगलात आहेत, पण दिवसभराच्या चढानंतर त्यांचा मोह टाळला. ब्युरिटनला तळ्याकाठी चर्च आणि भोवती गारगोटीच्या भिंतींची घरे आहेत. तेथे एका घरगुती निवासात मुक्काम केला.

दुसरा दिवस : ब्युरिटन ते अँबरली

रात्री पाऊस पडून गेला होता. ओला खडू टायरखाली साबणासारखा निसटतो. त्यातही घोड्यांच्या टापांनी आणि चाकांनी तुळतुळीत झालेला, वर गवताचा पापुद्राही नसलेला खडू सर्वांत फसवा असतो. अशा जागी ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचे नाही, वेग आधीच उतरवून सायकल सरळ जाऊ द्यायची. भाऊ चामर लेण्यांच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर सराव केलेला, त्यामुळे त्याला हे तंत्र सांगावे लागले नाही, फक्त मातीचा नवा स्वभाव ओळखायला पहिला तास गेला.

हार्टिंग डाउनवर ऊन आले. उत्तरेकडे टेकडी एकदम तुटते आणि खाली वीलडचा सपाट, झाडीने भरलेला प्रदेश पसरतो. दक्षिणेकडे मात्र उतार समुद्रापर्यंत सावकाश जातो. ही एकांगी रचना का झाली, हे समजले की संपूर्ण प्रवासाचा भूगोल उलगडतो. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी येथे उबदार समुद्र होता आणि त्याच्या तळाशी सूक्ष्म शैवालांची चुन्याची कवचे कोट्यवधी वर्षे साचत राहिली. त्यांचाच हा खडू. हा थर साचण्याचा काळ संपत आला, तेव्हा आपल्याकडे सह्याद्रीचा काळा कातळ घडवणारा लाव्हा वाहू लागला होता. पुढे जमिनीच्या हालचालींनी खडूचा थर घुमटासारखा वर उचलला गेला, घुमटाचा माथा झिजून गेला आणि त्याच्या दोन कडा उरल्या, उत्तरेला नॉर्थ डाउन्स व दक्षिणेला साउथ डाउन्स. आम्ही त्या झिजलेल्या घुमटाच्या दक्षिण काठावरून चाललो होतो, म्हणून डावीकडे सदैव कडा आणि उजवीकडे सदैव उतार.

या रचनेचा सायकलस्वाराला जाणवणारा परिणाम म्हणजे पाणी. पाऊस खडूत मुरतो, त्यामुळे माथ्यावर ना ओढा ना विहीर. झरे फुटतात ते कड्याच्या पायथ्याशी, आणि गावेही तेथेच ओळीने वसलेली. पाण्यासाठी किंवा जेवणासाठी गावात उतरले की दीडशे मीटर चढून परत यावे लागते. वाटेलगत काही ठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ बसवलेले आहेत, आणि कॉकिंगजवळचा नळ त्या दिवशी आम्हाला अगदी वेळेवर भेटला.

बीकन हिलच्या बगलेने जाताना समोरून दोन घोडेस्वार स्त्रिया आल्या. आम्ही थांबलो आणि मी लांबूनच मोठ्याने त्यांना सुप्रभात म्हटले. त्या पुढे गेल्यावर भावाने विचारले, “ताई, घंटी का नाही वाजवलीस?”

“घंटीला घोडा बिचकतो. माणसाचा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. म्हणून लांबून बोलायचं, आणि मागून जायचं असेल तर ‘जाऊ का’ असं विचारून जायचं.”

त्यानंतर घोडा दिसला की तोच आधी बोलू लागला. एका स्वाराने त्याच्याशी थांबून बराच वेळ घोड्याच्या खुरांबद्दल गप्पा मारल्या.

पुढे झाडीत डेव्हिल्स जम्प्स नावाचे कांस्ययुगातले पाच मोठे दफन-उंचवटे आहेत. त्याच टापूत वाटेच्या कडेला एक छोटा दगड दिसतो. १९४० च्या हवाई लढाईत येथे मरण पावलेल्या हाउप्टमन (म्हणजे कॅप्टन) योझेफ ओस्टरमन या जर्मन वैमानिकाचा तो स्मृतिदगड आहे. ज्या देशावर बाँब टाकायला तो आला, त्याच देशातल्या गावकीच्या वाटेवर त्याच्या नावाचा दगड उभा आहे आणि त्याच्यापाशी ताजी फुले ठेवलेली होती. आम्हीही थोडा वेळ उभे राहिलो.

कॉकिंग डाउनवर अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराने २००२ मध्ये ठेवलेल्या खडूच्या प्रचंड गोळ्यांपैकी एक भेटला. ऊनपावसाने तो झिजतो आहे आणि शिल्पकाराला तेच अपेक्षित होते.

ग्रॅफम डाउनच्या जंगलात मागच्या टायरची बाजू गारगोटीने कापली. खडूत गारगोटीचे काळे गोळे ठिकठिकाणी दडलेले असतात. समुद्रातल्या स्पंजांच्या शरीरातली सिलिका विरघळून खडूच्या पोकळ्यांत पुन्हा घट्ट झाली, त्यातून ही गारगोटी तयार झाली. ती फुटली की तिची धार काचेच्या तोडीची असते. अश्मयुगातल्या माणसाने तिचीच हत्यारे केली आणि आजही तिच्या टवक्यांनी टायर फाटतात. भोक बारीक असते तर आतल्या सीलंटने ते बुजले असते, पण हा काप सेंटिमीटरभर होता. भावाने जुन्या टायरचा एक तुकडा आतून लावला, त्यावर ट्यूब घातली आणि पंप मारला. तो तुकडा ईस्टबोर्नपर्यंत टिकला.

बिग्नर हिलवर रोमनांनी चिचेस्टरहून लंडनला नेलेला स्टेन स्ट्रीट आपली वाट ओलांडतो. तेथल्या लाकडी दिशादर्शकावर लंडनचे नाव लोंडिनियम आणि चिचेस्टरचे नोव्हिओमॅगस असे कोरले आहे. टेकडीच्या पायथ्याशी १८११ मध्ये शेत नांगरताना एका रोमन वाड्याची मोझॅकची फरशी सापडली, ती आजही पाहता येते, पण ती पाहायची तर खाली उतरून पुन्हा चढावे लागले असते आणि अँबरली अजून लांब होते. अरुण नदीच्या पुलावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. नदीपलीकडे खडूच्या जुन्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या आता संग्रहालयात जपल्या आहेत, आणि थोडे वर गवताने शाकारलेल्या घरांचे अँबरली गाव.

तिसरा दिवस : अँबरली ते पायकम

सकाळची पहिली चढण पाय गरम व्हायच्या आधीच समोर येते आणि ती बेताची नाही. सर्वांत हलका गिअर, शरीर पुढे झुकलेले, नजर दोन मीटरवर. वर पोचल्यानंतर मात्र रॅकम हिलपासून किटहर्स्ट हिलपर्यंत धार जवळजवळ सपाट आहे. चंडोल पक्षी गवतातून सरळ वर झेपावतात आणि दिसेनासे होईपर्यंत गात राहतात. या मैलांवर काही सांगण्यासारखे घडले नाही, आम्ही नुसते चालवत राहिलो.

वॉशिंग्टन गावापाशी खाली उतरून पुन्हा वर आले की चँक्टनबरी रिंग लागते. लोहयुगीन तटाच्या वर्तुळात बीचची झाडे लावण्याचे काम चार्ल्स गोरिंग या तरुणाने १७६० मध्ये केले. ती सव्वादोनशे वर्षे वाढली आणि १९८७ च्या ऑक्टोबरमधल्या वादळात एका रात्रीत त्यांतील बहुतेक आडवी झाली. त्यानंतर लावलेली झाडे आता बरीच मोठी झाली आहेत. वादळापूर्वीचे छायाचित्र मी पाहिले होते, त्या मानाने रिंग अजून विरळ आहे, पण दुरून ओळखू येते.

येथे गवतात गुडघे टेकून पाहावे. सायकलीच्या चाकाएवढ्या जागेत रानथाइमची जांभळी फुले, पिवळी ट्रेफॉइल, डुलणाऱ्या कणसांचे बारीक गवत, ऑर्किडचा एक गुलाबी तुरा आणि कितीतरी नावे माहीत नसलेली पाने दाटीने होती. चांगल्या खडूच्या कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातीच्या वनस्पती आढळतात. याचे कारण जमिनीचा कस नसून तिचा कोरडेपणा आणि शतकानुशतकांची मेंढ्यांची चराई आहे. माती पातळ व निकस असल्याने कोणतीही एक वनस्पती माजत नाही आणि मेंढ्या उंच वाढणारे सगळे खुडून टाकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर यातला फार मोठा भाग नांगराखाली आणि खताखाली गेला. जेथे खत पडले तेथे एकच रसरशीत हिरवे गवत दिसते आणि फुले दिसत नाहीत. वाटेच्या दोन बाजूंना हा फरक इतका उघड असतो की तो पाहून वाईट वाटल्याशिवाय राहत नाही. कुरणातून जाताना वाट सोडून गवतावर सायकल घालू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

बोटॉल्फ्सला अडर नदी ओलांडून ट्रुली हिलची लांब चढण चढलो आणि मग धारेच्या काठाने डेव्हिल्स डाइकपर्यंत आलो. ही शंभरएक मीटर खोल घळ आहे आणि तिच्या तळाला थेंबभर पाणी नाही. हिमयुगात जमीन खोलवर गोठली होती, त्यामुळे एरवी पाणी मुरवून घेणारा खडू अभेद्य झाला आणि उन्हाळ्यात वितळणारे बर्फ व भिजलेला खडू चिखल होऊन उतारावरून वाहून गेला. त्यातून ही घळ कोरली गेली. व्हिक्टोरियन काळात येथे ब्रायटनहून रेल्वे येत असे आणि १८९४ मध्ये घळीवरून टांगलेली तारेची गाडीही सुरू झाली होती. आता पतंग आणि पॅराग्लायडर तेवढे आहेत.

पायकम हे एकेकाळी मेंढपाळांच्या काठीच्या लोखंडी आकड्यांसाठी प्रसिद्ध होते. चर्चचे फाटक त्याची साक्ष देते. ते बाजूच्या बिजागऱ्यांवर न फिरता मधल्या खांबावर फिरते आणि त्याचा अडसर म्हणून असाच एक आकडा बसवला आहे. संध्याकाळी चर्चजवळच्या बाकावर बसून आम्ही साखळ्या पुसल्या. खडूची पांढरी पूड तेलात मिसळून दातांवर घट्ट बसते आणि रोज पुसली नाही तर गिअर कुरकुरू लागतात.

चौथा दिवस : पायकम ते साउथईज

या दिवशी आम्ही मुख्य वाट मुद्दाम सोडली. क्लेटनच्या जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्यांपाशी चढून गेलो. त्यांपैकी पांढरी जिल १८२१ मध्ये ब्रायटनला बांधली गेली आणि १८५२ मध्ये बैल जुंपून ती अख्खीच्या अख्खी येथे ओढत आणली. तेथून दक्षिणेला, ब्रायटनच्या दिशेने उतरणारी घोडेवाट धरली. शेताशेतांतून दोन-तीन किलोमीटर गेल्यावर समोरच्या हिरव्या उतारावर एक पांढरी संगमरवरी छत्री दिसते. नावही तेच, छत्री.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमध्ये डिसेंबर १९१४ पासून रुग्णालय होते. वेगवेगळ्या धर्मांचे आणि जातींचे आहारनियम पाळता यावेत म्हणून तेथे नऊ स्वयंपाकघरे होती. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांना शहराबाहेर या टेकडीवर आणून त्यांचा अग्निसंस्कार करण्यात आला. त्यांची संख्या त्रेपन्न आहे. दहनाच्या जागांवर आता ग्रॅनाइटच्या शिळा आहेत आणि त्यांच्यामागे आठ खांबांची ही छत्री. तिचा आराखडा मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांनी केला, आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते तिचे अनावरण झाले. मुस्लिम सैनिकांचे दफन वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ झाले.

सायकली फाटकाबाहेर ठेवून, हेल्मेट काढून आम्ही आत गेलो. छत्रीवरचा लेख हिंदी, पंजाबी, उर्दू आणि इंग्रजीत आहे, आणि २०१० मध्ये उभारलेल्या भिंतीवर त्रेपन्न जणांची नावे कोरली आहेत. भावाने ती एकेक करून वाचली, हळू आवाजात, जणू हजेरी घेत होता. पुण्याच्या खडकीचे बाँबे सॅपर्स, म्हणजे लष्करी अभियंते, २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू शापेलच्या गावात शिखांच्या पलटणीसोबत घुसले होते आणि त्यांची भयंकर हानी झाली होती, हे मला ठाऊक होते, ते मी त्याला सांगितले. दरवर्षी जूनमध्ये येथे स्मरणसभा भरते. मोटार येथपर्यंत येत नाही, येणारा प्रत्येक जण घोडेवाटेने चालत येतो. मला वाटते की महाराष्ट्रातून ब्रायटनला येणाऱ्याने समुद्रकिनारा पाहून झाल्यावर अर्धा दिवस या चालीसाठी काढावा.

परत माथ्यावर येऊन डिचलिंग बीकन गाठले. २४८ मीटरवरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वीलड दिसतो. पुढची वाट ब्लॅक कॅपजवळून दक्षिणेला वळते, ए-२७ रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या धारेवर चढते. हे अंतर आम्ही फारसे न बोलता कापले. ऊज नदीच्या काठी साउथईजला पोचलो. तेथल्या छोट्या चर्चचा मनोरा गोल आहे, जो ससेक्समध्ये क्वचितच दिसतो. नदीपलीकडच्या जुन्या शेतवाड्यात आता युवा वसतिगृह आहे. स्वयंपाकघर वापरता येत असल्यामुळे रात्री मुगाची खिचडी टाकली, आणि शेजारच्या टेबलावरच्या स्कॉटिश जोडप्यालाही वाढली.

पाचवा दिवस : साउथईज ते ईस्टबोर्न

इटफर्ड हिलची चढण वळणावळणाची, मग बेडिंगमचे रेडिओ मनोरे, मग २१७ मीटरचा फर्ल बीकन. उत्तरेला खाली ग्लाइंड गाव दिसते. येथल्या जॉन एलमन या शेतकऱ्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साउथडाउन ही मेंढ्यांची जात निवडपद्धतीने सुधारली आणि ती पुढे जगभर गेली.

आल्फ्रिस्टनला उतरण्याआधी दक्षिणेच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा दिसल्या आणि भावाला तेथून हलवणे कठीण झाले. साउथ डाउन्सवर गेल्या काही दशकांत फसफसणाऱ्या वाइनसाठी मोठ्या बागा उभ्या राहिल्या आहेत. फ्रान्समधल्या शँपेन प्रांताची जमीनही खडूचीच आहे. कुंपणापलीकडची एक वेल तो निरखत उभा राहिला.

“ताई, निचऱ्याचं काही बोलायलाच नको, पण चुनखडीत वेलीला लोह लागत नाही. पानं पिवळी पडायला हवीत. ही हिरवीगार कशी?”

मला उत्तर येत नव्हते, त्यालाच सुचले. आपल्याकडे जसा डॉगरिजचा खुंट वापरून त्यावर हव्या त्या जातीचे कलम करतात, तसे येथे चुना सोसणारे खुंट निवडलेले असतात. मग तो छाटणीकडे वळला. नाशिककडे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, आणि माल येतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. येथे वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच होते आणि काढणी सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरात. जूनमध्ये वेली फुलोऱ्यावर होत्या. रांगेच्या टोकाशी काम करणाऱ्या माणसाने आमच्याकडे पाहून हात हलवला आणि भावाने त्याला रांगांमधले अंतर विचारून घेतले. वाट सार्वजनिक असल्यामुळेच हे संभाषण घडले, हे तेव्हा माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

आल्फ्रिस्टनच्या चर्चजवळ चौदाव्या शतकातले क्लर्जी हाउस आहे. वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ मध्ये विकत घेतलेली ही पहिली इमारत, किंमत दहा पौंड. तिच्या एका खोलीची जमीन कुटलेला खडू आंबट दुधात मुरवून केलेली आहे. शेणाने सारवलेल्या घरात वाढलेल्या आम्हा दोघांना ती पायाखाली ओळखीची वाटली.

येथे वाट दोन फाट्यांत विभागते. सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून जाणारा फाटा केवळ पायी चालणाऱ्यांचा, आणि विंडोव्हर हिलवरून आत जाणारा घोड्यांचा व सायकलींचा. विंडोव्हर हिलच्या उत्तर उतारावर दोन हातांत दोन काठ्या धरलेला, सुमारे बहात्तर मीटर उंचीचा लाँग मॅन ऑफ विल्मिंग्टन आहे, म्हणजे उतारावर रेखलेली माणसाची आकृती. आपण नेमके त्याच्या डोक्यावरून जात असल्याने तो वाटेवरून नीट दिसत नाही. तो फार प्राचीन असावा असे पूर्वी मानत, पण २००३ मधल्या उत्खननावरून तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा असे दिसते. जेव्हिंग्टनच्या चर्चजवळून शेवटची चढण चढलो. माथ्यावरून ईस्टबोर्नची छपरे आणि त्यांच्यामागे इंग्लिश खाडीचे पाणी एकदम दिसते. तेथून पॅराडाइज ड्राइव्हपर्यंतचा उतार रुंद आहे, आणि कुत्री फिरवायला आलेल्या लोकांमुळे सावकाशच उतरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली निवासात ठेवून आम्ही पायी बीची हेडला गेलो, कारण तो फाटा पायवाटेचा आहे आणि तेथे सायकल न्यायची नाही. समुद्राने खडू उभा कापून १६२ मीटरचा पांढरा कडा केला आहे. त्या कड्यात खडूच्या थरांमधून गारगोटीच्या काळ्या रेषा एकाखाली एक स्पष्ट दिसतात. ज्या जमिनीवरून आम्ही आलो, तिच्या आत काय आहे ते येथे उघडे पडलेले आहे. खालच्या बाजूला १९०२ पासूनचे दीपगृह. कड्याचे तुकडे वरचेवर कोसळत असल्याने आम्ही काठापासून बरेच आत थांबलो. भावाने गारगोटीच्या रेषा वरपासून खालपर्यंत मोजायला घेतल्या, मध्येच चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. विंचेस्टरकडची गाडी दुपारची होती, तेव्हा मोजणी पुरी होईपर्यंत मी गवतात बसून राहिले.